स्वस्तछंदी गृहस्थ

नाशिकच्या मध्यमवर्गात, विशेषतः निवृत्तीनंतरच्या वयोगटात आढळणाऱ्या ज्या व्यक्तिविशेषाला येथे ‘स्वस्तछंदी’ म्हटले आहे, तो कंजूष नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. कारण कंजूष माणूस पैसा वाचावा म्हणून छंदाच्या वाटेला जात नाही, तर स्वस्तछंदी गृहस्थ पैसा कसा वाचवला हे चारचौघांत सांगता यावे म्हणून छंद जोपासतो. छंद कोणता, यापेक्षा तो केवढ्याला पडला, याला त्याच्या लेखी अधिक महत्त्व असते.

या वृत्तीचे ठळक दर्शन गोल्फच्या बाबतीत घडते. शहराच्या मध्यवर्ती भागातील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला नाशिककर आजही ‘गोल्फ क्लब’च म्हणतात; तेथे रणजी करंडकाचे सामने झाले आहेत, पहाटेपासून ट्रॅकवर चालणाऱ्यांची रीघ लागते, गोल्फ तेवढा कोणी खेळताना दिसत नाही. अशा या मैदानावर स्वस्तछंदी गृहस्थ भंगारच्या दुकानातून घासाघीस करून आणलेला, मुठीचे रबर सुटलेला पटर, म्हणजे चेंडू जमिनीलगत हलकेच ढकलून खळग्यात घालण्याची काठी, हाती घेऊन फेऱ्या मारतो. तिचा उपयोग मोकाट कुत्र्यांना चार हात दूर ठेवण्यापुरताच होत असला, तरी वाटेत कोणी हटकले की ‘गोल्फ क्लबवरून येतोय’ असे तो सांगतो, आणि ते अक्षरशः खरे असते. फेऱ्यांनंतर मित्रमंडळींसह चापलेल्या मिसळीचा खर्च मात्र छंदाच्या खात्यावर पडत नाही. तो ‘किरकोळ’ या सदराखाली घरखर्चात जिरतो, आणि ‘अहो, हे किरकोळ दर महिन्याला वाढतंय कसं?’ या प्रश्नावर गृहस्थ महागाईविषयी सविस्तर बोलू लागतो.

टपाल तिकिटांचा संग्रह हे त्याचे दुसरे क्षेत्र. ज्या नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात १९२६ पासून देशाची टपाल तिकिटे छापली जाऊ लागली, ते हाकेच्या अंतरावर असूनही कोरे तिकीट विकत घेणे त्याला कमीपणाचे वाटते. शेजाऱ्यांच्या केरातून मिळवलेल्या पाकिटाचा कोपरा कापून तो कोमट पाण्यात भिजत घालावा, डिंक सुटला की तिकीट पालथे घालून टिपकागदावर वाळवावे आणि मग जाडजूड पंचांगाखाली दाबून ठेवावे, हा विधी तो व्रतस्थपणे करतो. त्यासाठी स्वयंपाकघरातले कोणते पातेले वापरले गेले, याची चौकशी यथावकाश होतेच.

अंककोड्यांच्या बाबतीत तर खर्च उणे होतो, असा त्याचा दावा आहे. नऊ आडव्या, नऊ उभ्या ओळी आणि नऊ चौकटी यांपैकी प्रत्येकीत १ ते ९ हे अंक एकेकदाच बसवण्याचे सुडोकू वर्तमानपत्रात फुकट मिळते आणि तेच वर्तमानपत्र पुढे रद्दीत किलोच्या भावाने जाते. परंतु ज्या नगरीत १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय आहे, तिथल्या माणसाने वर्तमानपत्र तरी विकत का घ्यावे, असाही एक उपपंथ असून, त्याचे अनुयायी वाचनकक्षात इकडेतिकडे पाहत पेन्सिलीने कोडे सोडवतात आणि उठताना खोडरबराने पुसून टाकतात. उरलेल्या पुसट आकड्यांवरून पुढचा वाचक फसतो, कारण त्यांपैकी निम्मे चुकीचे असतात.

या संप्रदायाने ज्यांना परस्पर आपले आद्यपुरुष ठरवले आहे, ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) मात्र खरोखर मोठे होते. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात शिकवणाऱ्या, गणितातील पदव्युत्तर पदवी नसलेल्या या शिक्षकाने कागद आणि पेन्सिल एवढ्याच भांडवलावर जे शोधले, त्याविषयी गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले, तेव्हा जगाचे तिकडे लक्ष गेले. त्यांचा एक शोध असा: चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक आधी उतरत्या आणि मग चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान संख्या वजा करावी, आणि उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करीत जावे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि पुढे तेच येत राहते. कापरेकरांचा जीव आकड्यांत गुंतला होता, त्याला पैसे पडत नव्हते ही गोष्ट अलाहिदा. त्यांच्या नावाचा जप करणाऱ्या गृहस्थाचा जीव पैसे न पडण्यातच गुंतलेला असतो.

सिग्नलला थांबला असता तो पुढच्या एमएच १५ गाडीचा क्रमांक उचलतो. तो ३५२४ असेल तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, असा तीन पायऱ्यांत मुक्काम गाठेपर्यंत दिवा हिरवा झालेला असतो आणि मागचे हॉर्न वाजवू लागतात. परमानंद मात्र त्याला ७७७७ क्रमांकाची आलिशान गाडी दिसल्यावर होतो: परिवहन कार्यालयात जादा शुल्क भरून मिळवलेल्या त्या पसंतीच्या क्रमांकाचे पहिल्याच वजाबाकीत शून्य होते, हे तो मागे बसलेल्या पत्नीला वळून सांगतो.

त्याची खरी पंचाईत होते ती महाग वस्तू फुकट मिळाल्यावर. नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवर, जिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला आहे, पक्षी पाहायला जाताना भिंग तडकलेली जुनी दुर्बीण गळ्यात मिरवणाऱ्या गृहस्थाला परदेशस्थ मुलाने नवीकोरी दुर्बीण पाठवली, तर ती खोक्यासकट कपाटावर जाते. आणि ‘बाबा, ती वापरत का नाही?’ असे सुनेने फोनवर विचारलेच, तर वॉरंटी संपून जरा जुनी झाली की काढू, असे उत्तर मिळते.