गार पाण्याचा हिशेब

वजन उतरवण्याचे जे उपाय आपल्याकडे बघता बघता घरोघरी पोचतात, त्यांत काही सोडायचं नसतं, काहीतरी घ्यायचं असतं. दालचिनी घ्या, मेथीचं पाणी घ्या, सकाळी उपाशीपोटी दुधी भोपळ्याचा रस घ्या. 'रात्रीचा भात सोडा' असं सांगणाऱ्या डॉक्टरांकडे माणूस सहसा दुसऱ्यांदा जात नाही. अपवाद एकच आठवतो. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा असं सांगितलं, आणि अख्खा महाराष्ट्र घड्याळ लावून पानावर बसला. पण तिथेही पुष्कळांनी 'दोनदा'पेक्षा '५५ मिनिटं' जास्त मनावर घेतली. तेवढ्या वेळात नाशिकचा माणूस मिसळ, वर जास्तीचे दोन पाव, वाटीभर दही आणि सराफ बाजारापर्यंत चालत जाऊन जिलबी एवढं सहज उरकतो, आणि चालणं झालं म्हणून वर समाधानही मिळवतो.

'गार पाणी प्या, वजन उतरतं' हा याच घराण्यातला उपाय. शिवाय सगळ्यांत स्वस्त. शरीर ३७ अंशांवर चाललेलं असतं, त्यात फ्रीजमधलं पाणी ओतलं की ते तापवणं शरीराला भाग पडतं, तापवायला इंधन लागतं, आणि इंधनाचा साठा तर आपण कमरेभोवती बाळगूनच असतो. म्हणजे आपण पाणी पीत बसायचं, चरबी आपोआप जळत राहणार. यातली खरी पंचाईत अशी की हा तर्क खोटा नाही. खोटा असता तर दोन मिनिटांत वाद मिटला असता.

आमच्या पंचवटीत हा वाद उन्हाळाभर चालतो. सकाळी गंगेवर फिरायला येणारी मंडळी (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, बाहेरगावच्यांनी गोंधळू नये) दोन फेऱ्या मारून पायऱ्यांवर टेकतात. समोर दुतोंड्या मारुती. पावसाळ्यात पूर किती आला हे या मारुतीच्या अंगावर पाणी कुठपर्यंत चढलं यावरून ठरतं. बाकीचे महिने बिचाऱ्याला आमच्या पोटांचे घेर बघत उभं राहावं लागतं. मंडळींत दोन पक्ष आहेत. गरम पक्ष जुना आणि शिस्तीचा आहे: थर्मासमध्ये कोमट पाणी, त्यात लिंबू, त्यात मध. गार पक्ष नवा, मोबाइलवर वाढलेला. त्याचे पुढारी आमच्या गल्लीतले अण्णा. एसटीतून निवृत्त झाल्यापासून त्यांचं वजन पगारवाढीच्या वेगाने वाढतं आहे. त्यांच्या हातात काल रात्री फ्रीझरमध्ये ठेवलेली बाटली असते. ती अजून पुरती वितळलेली नसते, त्यामुळे अण्णा तोंड वर करून थेंबाथेंबाने चरबी जाळत असतात.

एकदा गणिताच्या निवृत्त सरांनी हे प्रकरण निकालात काढायचं मनावर घेतलं. पेपरचा कोरा समास मिळाला, बॉलपेन खिशात होतंच.

"एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी लागते. आठवीला शिकवलं होतं."

"आठवतंय, सर," अण्णा म्हणाले. आठवत नव्हतं.

"तुमची बाटली अर्ध्या लिटरची, म्हणजे ५०० ग्रॅम. बर्फाचं सोडा, फ्रीजमधलं पाणी धरू. ते ५ अंशांवर, अंग ३७ अंशांवर. मधलं अंतर ३२. आता ५०० गुणिले ३२."

समासात १६,००० हा आकडा उमटला आणि गार पक्षात जल्लोष झाला. बाटलीमागे सोळा हजार कॅलरी! दिवसाला चार बाटल्या! या दराने अण्णा दिवाळीपर्यंत दिसेनासेच होतील अशी काळजी कोणीतरी बोलून दाखवली. गरम पक्षाने थर्मासची झाकणं लावली. सर शांतपणे सगळ्यांचं होऊ देत होते. वर्गात पोरांना चुकीच्या उत्तरावर आनंद करू द्यायची ही त्यांची जुनी सवय.

"आता यातली शेवटची तीन शून्यं खोडा," सर म्हणाले.

"का म्हणून?"

"ही झाली भौतिकशास्त्रातली कॅलरी. खाण्याच्या हिशेबातली कॅलरी हिच्या हजारपट मोठी असते. बिस्किटाच्या पुड्यावर बारीक अक्षरात 'किलो' लिहिलेलं असतं, ते वाचत जा."

उरल्या १६. एका मध्यम केळ्यात सुमारे १०० कॅलरी असतात, तेव्हा बाटलीचा ऐवज केळ्याचा एक घास. चार बाटल्यांच्या ६४. किलोभर चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. सरांनी भागाकार करून १२० हा आकडा चौकटीत टाकला. रोज दोन लिटर बर्फगार पाणी प्यायचं, खाण्यात एका शेंगदाण्याचीही वाढ करायची नाही, की चार महिन्यांनी एक किलो जाणार. तोही कागदावर.

'कागदावर' हा शब्द मी मागाहून घातला, कारण घरी आल्यावर मी थोडं शोधलं. बर्लिनच्या संशोधकांनी २००३ साली १४ जणांना अर्धा लिटर पाणी पाजून त्यांच्या शरीराचा खर्च मोजला. तो ३० टक्क्यांनी वाढलेला दिसला. दिवसाला दोन लिटर प्याल तर ९५ कॅलरींच्या आसपास जास्त खर्च होतील असा त्यांचा अंदाज. जगभरचे अण्णा या एका प्रयोगावर जगतात. गंमत म्हणजे ते पाणी बर्फाचं नव्हतंच, २२ अंशांचं होतं. आपल्या माठातलं म्हणा ना. मग २००६ साली स्वित्झर्लंडमध्ये दुसऱ्या मंडळींनी तोच प्रयोग करून पाहिला, तर साध्या पाण्याने खर्च वाढेचना. तीन अंशांचं, दात शिवशिवणारं पाणी पाजलं तेव्हा पुढच्या तासाभरात वाढ झाली ती साडेचार टक्के. स्वस्थ बसलेला माणूस तासाला साठ-सत्तर कॅलरी खर्च करतो, त्याच्या साडेचार टक्के म्हणजे तीन. शरीर काही आपल्याइतकं भोळं नसतं. गार पाणी आलं म्हणून ते लगेच लाकडं फोडायला बसत नाही. कातडीकडचा रक्तपुरवठा जरा आवळून घेतं, बाहेर जाणारी ऊब वाचवतं आणि बराचसा हिशेब आतल्या आत मिटवतं.

गार पक्षातला एक जहाल गट मात्र म्हणतो की पिऊन काय होणार, आत उतरायला पाहिजे. या गटाला आमच्याकडे मोठा आधार आहे. समर्थ रामदासांनी टाकळीला, नंदिनी आणि गोदावरीच्या संगमावर, बारा वर्षं तप केलं. सकाळी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून जप करत, असं परंपरा सांगते. आता शास्त्रही या गटाच्या थोडं बाजूने आहे. मोठ्या माणसांच्याही मानेजवळ आणि गळ्याच्या हाडांच्या वर तपकिरी रंगाची, थंडी वाजली की जळून ऊब देणारी चरबी असते, हे २००९ साली पक्कं झालं. पण परंपरा पुढे असंही सांगते की समर्थ दुपारी टाकळीहून चालत पंचवटीत येत, माधुकरी मागत, मिळेल तेवढंच खात, आणि सूर्यनमस्कारांची गणती तर वेगळीच. यातलं पाणी वगळलं तरी वजन उतरायला काही कमी पडेल असं वाटत नाही.

शिवाय निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या पेपरात यायला लागल्या की पहाटे रामकुंडात बुडी मारणाऱ्यांचं पुढे काय होतं, ते कारंज्यावर उभं राहिलं की दिसतं. माणूस कुडकुडत वर येतो, टॉवेल डोक्याला गुंडाळतो आणि तडक मिसळीच्या बाकावर बसतो. कांदा पिळलेल्या लिंबाखाली चमकत असतो, रस्सा वाटीतून ओसंडत असतो, आणि कुंडात जे काय गेलं असेल ते दुसऱ्या पावाच्या आत वसूल होतं. हे फक्त आमच्या जिभेचं पाप नाही. फ्लोरिडात २००५ साली काही तरुणांना पाण्यात बसवून सायकल मारायला लावली, एकदा २० अंशांच्या पाण्यात आणि एकदा ३३ अंशांच्या. गार पाण्यातून बाहेर आल्यावर तीच पोरं ४४ टक्के जास्त जेवली. फ्लोरिडात मिसळ मिळत नाही, तरी ही गत.

पाण्याने वजनाचं काहीच होत नाही असंही मात्र नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सांगितलेलं आहे की जेवणाआधी पाणी पिणारा कृश होतो, मध्ये पिणारा सम राहतो आणि जेवणानंतर पिणारा स्थूल होतो. २०१० साली व्हर्जिनियात पंचावन्नच्या पुढच्या स्त्री-पुरुषांवर प्रयोग झाला. बेताचा आहार सगळ्यांनाच दिला होता. त्यांतल्या अर्ध्यांना प्रत्येक जेवणाआधी अर्धा लिटर पाणी प्यायला सांगितलं. बारा आठवड्यांनी त्यांचं वजन बाकीच्यांपेक्षा साधारण दोन किलोंनी जास्त उतरलेलं होतं. कारण साधं: पोटात आधीच पाणी असलं की तिसरी पोळी नको वाटते. गार-गरमचा इथे संबंधच नाही.

चरकाने स्थूल माणसाला मध घातलेलं पाणी सांगितलं आहे, त्यामुळे गरम पक्ष स्वतःला चरकाचा थेट वारस समजतो. पण तापवलेला मध आयुर्वेदात वर्ज्य! हे मी पायऱ्यांवर सांगितलं तेव्हा थर्मासवाल्यांनी माझ्याशी चार दिवस अबोला धरला होता.

अण्णांनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं. अण्णांचं वैशिष्ट्य असं की ते कुठलंच मत टाकून देत नाहीत. जेवायच्या आधी प्यायचं, हे वाग्भटाचं. गार प्यायचं, हे मोबाइलचं. मध घालायचा, हे चरकाचं. पाणी गार असल्यामुळे मध तापायचाही प्रश्न नाही. आणि गरम पक्षाला अगदीच वाऱ्यावर सोडायला नको म्हणून अर्धं लिंबू. परवा मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ताट वाढायच्या आधी त्यांच्यासमोर मोठा पेला होता. वर बर्फाचे खडे, कडेला लिंबाची बी.

"सर्व शास्त्रांचा समन्वय आहे," अण्णा म्हणाले. "घेणार?"

माईंनी माझ्यासाठी दुसरा पेला भरला. "याला माझ्या माहेरी लिंबाचं सरबत म्हणायचे," त्या म्हणाल्या. "पाहुणे आले की करायचो. आता रोज दोन वेळा करते."

सर तिथेच होते. मधाच्या मोठ्या चमच्यात ६४ कॅलरी असतात, म्हणजे अण्णांचं दिवसभराचं गार पाणी एका चमच्यातच फिटतं, हे त्यांनी मला हळूच सांगितलं. मग त्यांनी माईंना विचारलं, पेल्यात किती चमचे घातलेत.

"ह्यांच्या दोन," माई म्हणाल्या. "तुम्हाला?"

"तीन," सर म्हणाले.