सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की…

चंद्रपूर जिल्ह्यात जमिनीखाली कोळसा आहे आणि जमिनीवर कॉलन्या. महाऔष्णिक वीजकेंद्राचं ऊर्जानगर, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) घुग्घुस, माजरी, सास्ती, लालपेठकडच्या वसाहती, बल्लारपूरला पेपर मिलची, भद्रावतीला आयुध निर्माणीची. क्वार्टरचे टाइप वेगळे, भिंतींचे रंग वेगळे. पण कोणत्याही कॉलनीत तीन गोष्टी हमखास सापडतात. एक हनुमानाचं देऊळ, एक पानठेला आणि एक सूचनाभाऊ. पहिल्या दोन स्थावर, तिसरी जंगम.

आमची कॉलनी यांतली कोणती, ते सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्या कॉलन्यांतले लोक भांडायला येतील की हा माणूस तर आमचा आहे.

सूचनाभाऊ हे पद कोणी निर्माण केलेलं नाही. त्याला निवडणूक नाही, मानधन नाही, राजीनामा तर नाहीच नाही. बदली होऊन आलेल्या माणसाचं बिऱ्हाड ट्रकमधून उतरत असतं, गॅसची शेगडी अजून गोणपाटात असते, तेवढ्यात फाटकाशी एक जुनी एम-80 येऊन थांबते. गाडी बंद न करताच भाऊ सुरू होतात.

"नळ साडेसहाला येते जी. पाऊण तास. कचऱ्याची गाडी मंगळवार अन् शुक्रवार. कुत्रं पाळलं असन त रात्री बाहेर बांधू नका."

"का हो? भुंकतं म्हणून?"

"नाही जी. बिबट नेते."

नव्या बाईंच्या हातातलं कुंड्यांचं खोकं खाली बसतं. भाऊंची गाडी पुढच्या फाटकाकडे निघालेली असते. बातमी द्यायची आणि परिणाम बघायला थांबायचं नाही, हा त्यांचा बाणा.

भाऊंचं मुख्यालय म्हणजे पानठेल्याशेजारचा फळा. शाळेनं टाकून दिलेला, एका कोपऱ्यात भूमितीचं वर्तुळ कायमचं कोरलेला. भाऊंच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, खडू असतो. त्यामुळे त्यांचा प्रत्येक शर्ट डाव्या बाजूला पांढुरका. संध्याकाळी ड्यूटीवरून आले की आधी फळा, मग चहा. मजकूर नेहमी एकाच वाक्यानं उघडतो, आणि त्या वाक्यानंतर काय येईल याची खात्री खुद्द भाऊंनाही नसते. गेल्या पोळ्याचा फळा असा होता:

'सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की उद्या पोळा असल्याने सुट्टी आहे. नळाला सुट्टी नाही. परवा तान्हा पोळा असून मुलांनी आपापले लाकडी नंदी सजवून देवळाजवळ चार वाजता जमावे. बोजारा देताना दहा रुपयांच्या खाली देऊ नये. मागील वर्षी एका साहेबांनी चॉकलेट दिले, ते मुलांनी परत केले आहे. नाल्याकडील बाजूस बिबट दिसला असल्याने सर्व नंदी सहाच्या आत घरी न्यावे. बिबटालाही सुट्टी नाही.'

सुट्टी हा भाऊंचा आवडता विषय आणि त्यामागे कारण आहे. बाहेरच्या जगात सुट्टी लाल आकड्यानं येते. इथे कॅलेंडर एक सांगतं आणि शिफ्ट दुसरंच. 2920 मेगावॅटचं वीजकेंद्र पुरणपोळीसाठी थांबवता येत नाही, खाणीतलं पाणी दसऱ्याच्या दिवशीही उपसावंच लागतं. त्यामुळे एकाच गल्लीत लक्ष्मीपूजनाला एका घरी फराळ चालू असतो, शेजारी नाइटवाला पडदे ओढून झोपलेला असतो आणि समोरचा डबा घेऊन सेकंडला निघालेला असतो. यातून तोडगा भाऊंनीच काढला: 'ज्यांना आज नाइट आहे त्यांना दिवाळीच्या शुभेच्छा उद्या सकाळी आठनंतर द्याव्यात. झोपलेल्या रहिवाशाच्या दारात लक्ष्मी बॉम्ब लावू नये. लक्ष्मी येणार नाही, रहिवासी येईल.'

शिवाय कॉलनीत सारा महाराष्ट्र येऊन पडलेला. त्यात तेलुगू घरं, छत्तीसगडी घरं. प्रत्येकाचं पंचांग वेगळं. कोल्हापूरकडचे एक इंजिनिअर पोळ्याची वर्गणी द्यायला तयार नव्हते. "आमचा बेंदूर आषाढातच झाला की. एका वर्षात दोनदा कसला बैल पुजायचा?" दुसऱ्या दिवशी फळ्यावर: 'बेंदूर साजरा झालेल्या रहिवाशांनी पोळ्याची वर्गणी नाकारू नये. बैल तोच आहे.' इंजिनिअरांनी वर्गणी दिली आणि पुढच्या आषाढात त्यांच्याकडच्या बेंदराच्या पोळ्या खायला भाऊ पहिल्या पंगतीला होते. कॉलनीत आता बैल दोनदा पुजला जातो. खरा बैल एकही नाही, तरीही.

चैत्रात महाकालीची यात्रा भरली की भाऊ वाहतूक शाखेसारखे वागतात. मराठवाड्यातून, तेलंगणातून भाविक येतात, अंचलेश्वर गेटाकडचे रस्ते माणसांनी तुंबतात. 'यात्रा संपेपर्यंत गावात काम असल्यास ते काम नाही असे समजावे.' होळी विझते न विझते तोच दुसरी सूचना: 'कूलरच्या ताट्या बदलून घ्याव्यात. जो रहिवासी मेमध्ये बदलू म्हणेल त्याला मेमध्ये माणूस मिळणार नाही.' पारा 47 च्या पुढे जाणाऱ्या गावात ही सणाचीच आठवण आहे. भाऊंच्या लेखी वर्षाचे सण असे: संक्रांत, शिवरात्र, होळी, कूलर, महाकाली.

तरी सगळ्यात गाजली ती मंगळवारची सूचना. ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, 1995 साली व्याघ्रप्रकल्प, आणि दर मंगळवारी तिथली सफारी बंद असते. हे कळल्यावर भाऊंनी फळ्यावर लिहिलं: 'मंगळवारी ताडोबा बंद असते. त्या दिवशी वाघ मोकळा असतो. रहिवाशांनी सावध राहावे.' अख्खी कॉलनी हसली. एका शिक्षकांनी समजावून पाहिलं की सुट्टी जिप्सींना असते, वाघाला काय त्याचं! भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. "सर, सहा दिवस तुमच्यामागे गाड्या घेऊन लोक फिरले अन् सातव्या दिवशी कोणीच नाही आलं, त तुम्ही घरी बसान का?" सरांनी बराच विचार केला. त्यानंतर सरसुद्धा मंगळवारी फिरायला नाल्याकडे जात नाहीत.

भाऊंचा एकच दोष. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. पन्नीत घोळून घोळून तयार झालेला खर्रा एकदा तोंडात गेला की अर्धा तास वाणी बंद, आणि बातमी तर पोटात राहत नाही. मग हातवारे. पाच बोटं खाली सोडून हलवली की नळ. बोटांचे पंजे पुढे केले की बिबट. दोन्ही तळहात जोडून गालाशी नेले आणि डोळे मिटले की सुट्टी. ही शेवटची खूण एकदा अंगाशी आली. भाऊ गाडीवरून जाता जाता एका म्हाताऱ्या कर्मचाऱ्याच्या क्वार्टरकडे बोट दाखवून तळहात गालाशी नेऊन, डोळे मिटून गेले. सांगायचं होतं, यांनी विचारलं होतं ना, महालक्ष्म्यांच्या जेवणाची उद्या सुट्टी आहे. पंधरा मिनिटांत फाटकाशी डोक्याला रुमाल बांधलेले दहाबारा जण जमले. म्हातारबुवा आतून विचारताहेत, "काहून जमले बे सारे?" सांगणार कोण? शेवटी एकानं वेळ मारून नेली: "काही नाही काका, तब्येत पाहाले आलो." काकांनी सगळ्यांना चहा पाजला आणि त्या दिवसापासून ते कॉलनीतले सर्वांत लोकप्रिय गृहस्थ आहेत असा त्यांचा समज आहे.

हसण्यावारी न्यायच्या या माणसाचं मोल 2022 च्या फेब्रुवारीत कळलं. वीजकेंद्राच्या आवारात वाघानं एका कामगाराचा जीव घेतला आणि लागलीच दुर्गापुरात बिबट्यानं एका मुलाला मारलं. जिल्ह्यातल्या कॉलन्यांमध्ये संध्याकाळी सातला दारं लागू लागली. तेव्हा आमच्या फळ्यावर तीन ओळी होत्या: 'नाइटवाल्यांनी एकट्याने निघू नये. पाण्याच्या टाकीखाली थांबावे. मी आहे.' आणि खरंच होते. हातात मोठी टॉर्च, गळ्यात शिट्टी, तोंडात खर्रा नाही. दहाबारा जणांचा जथा झाला की पुढे भाऊंची एम-80 हॉर्न वाजवत, मागे माणसं, असं गेटपर्यंत. सहा वाजता नाइटवाले सुटायचे तेव्हा टाकीखाली पुन्हा हजर. भाऊंना स्वतःला तेव्हा फर्स्ट होती. झोपत कधी होते, ते कोणी विचारलं नाही.

अर्थात भाऊंनी या पुण्याईचा नंतर भरपूर फायदा उठवला. लोक आता फळा वाचतातच हे कळल्यावर 'अत्यंत महत्त्वाचे' या मथळ्याखाली गणपतीची वर्गणी, हरवलेली कुकरची शिट्टी आणि स्वतःच्या मेहुण्याचा विकायचा फ्रीज असं सगळं येऊ लागलं.

एका बाबतीत मात्र भाऊ गंभीर असतात. 1956 ची धर्मांतराची तारीख विचारली की सगळे नागपूर सांगतात, 14 ऑक्टोबर. भाऊ बोट वर करतात. "अन् 16 ऑक्टोबरला बाबासाहेब कुठी होते? आपल्या चांद्याले." गावाचं नाव 1964 साली चंद्रपूर झालं, भाऊंचं अजून व्हायचं आहे. 15 आणि 16 ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर सोहळा असतो. त्याआधी आठवडाभर फळ्यावर रोज एक ओळ वाढत जाते: गाडी किती वाजता निघेल, मुलांना पाण्याच्या बाटल्या, पुस्तकांच्या दुकानांसाठी वेगळे पैसे ठेवावेत. नागपूरला जाऊन आलेल्यांसाठी खास तळटीप: 'तिकडे गेलात, चांगले केले. आपल्याकडेही यावे.'

व्हॉट्सॲप आलं तेव्हा वाटलं होतं, फळा बुडाला. भाऊच ग्रुपचे ॲडमिन झाले. त्यांनी फळ्यावर जे लिहायचं त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायला सुरुवात केली, आणि ग्रुपवर कोणी काही टाकलं तर ते फळ्यावर उतरवून काढायला. सकाळच्या गुलाबफुलांचा त्यांना मनस्वी तिटकारा. 'हा ग्रुप सूचनांसाठी आहे. सूर्य उगवला आहे हे रहिवाशांना खिडकीतून कळते.'

गडचिरोलीला मात्र भाऊंना गुरू भेटला. बहीण भामरागडकडे नोकरीला, भाऊ पावसाळ्यात भेटायला गेले आणि पर्लकोटा नदीला पूर आला. रस्ता बंद, मोबाइल मुका. बातमी नसलेलं जग भाऊ प्रथमच बघत होते. दुसऱ्या दिवशी गावात कोतवाल डफडं वाजवत आला आणि त्यानं चार वाक्यांत पूल, रेशन, दवाखाना, शाळा सगळं सांगून टाकलं. तिथेच कोणीतरी सांगितलं की इकडच्या माडिया गावांत पंडुमचा सण कधी, हे कॅलेंडरात बघत नाहीत. गाव बसून ठरवतं, मग निरोप फिरतो, आणि तोवर नवं फळ कोणी तोंडात घालत नाही. भाऊ भारावले. सुट्टी आधी आणि कॅलेंडर नंतर, असं राज्य त्यांना मनापासून पटलं. परत आल्यावर त्यांनी डफडं विकत घ्यायचा ठराव मांडला. नाइटवाल्यांनी एकमुखानं विरोध केला म्हणून कॉलनी वाचली.

एक गोष्ट खरी. भाऊ सांगतात त्यातलं बहुतेक लोकांना आधीच ठाऊक असतं. कॅलेंडर प्रत्येक स्वयंपाकघरात आहे, नळाची वेळ बायकांना पाठ आहे. पण कॉलनी हे कोणाचंच गाव नसतं. क्वार्टर कंपनीचं, अंगणातला आंबा कंपनीचा, आपण लावलेला मोगरासुद्धा रिटायर झाल्यावर तिथेच ठेवून जायचा. आज आहे तो शेजारी उद्या बदलीवर कोराडीला नाहीतर पारसला. अशा ठिकाणी 'सर्व रहिवाशांना' असं कोणीतरी रोज म्हणावं लागतं, तेव्हा कुठे सर्व रहिवासी एका फळ्याखाली येतात. एरवी ती नुसती घरं आणि त्यांचे नंबर.

मग भाऊंचीच रिटायरमेंट आली. फळा त्यांनीच लिहिला: 'सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की आपल्या कॉलनीतील एक ज्येष्ठ रहिवासी (नाव सांगण्याची गरज नाही) 31 तारखेस निवृत्त होत आहेत. सत्कारात शाल देऊ नये, महिना मे आहे. भाषणे थोडक्यात करावीत. रडायचे असल्यास जेवणानंतर रडावे, वांग्याची भाजी गार होते.' वांग्याची भाजी गरम असतानाच लोक रडले. सूचना न पाळल्याबद्दल भाऊंनी माइकवरून नाराजी व्यक्त केली आणि मग स्वतःही नियम मोडला.

भाऊ तुकूमकडे एका लेआउटमध्ये घर बांधून राहिले आहेत. महिनाभरात तिथे फळा उभा राहिला. इकडे कॉलनीत त्यांची जागा एका तरुण अधिकाऱ्यानं घेतली. तो सूचना सुबक टाइप करून, पीडीएफ करून, लोगोसकट पाठवतो. वेळ अचूक, शुद्धलेखन निर्दोष. कोणी उघडत नाही.

परवा नळ आला नाही. पीडीएफ येऊन पडलं होतं म्हणे. गल्लीतल्या चार घरांनी सरळ भाऊंना फोन लावला. भाऊ तिथून सहा किलोमीटरवर आपल्या गच्चीत बसलेले, पण माहिती तयार.

"मोटर जळली जी. रिवाइंडिंगले गेली आहे, संध्याकाळी सातला येते. बादल्या भरून ठेवा, उद्या काही भरवसा नाही. अन् परवा पोळा आहे, वर्गणी राहिली तुमची."

वर्गणी कोणत्या कॉलनीची, हे विचारायचं धाडस कोणाला झालं नाही. दोन्हीकडची भरली.