घराण्याचा इतिहास विकत घेण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

घराण्याला इतिहास असावा लागतो. नसल्यास तो सहा किंवा बारा माणसांच्या सेटमध्ये विकत मिळतो. राजेरजवाड्यांच्या पंगतीत मिरवलेल्या चिनीमातीच्या ताटल्या, कपबश्या, सूपची भांडी यांच्या हुबेहूब प्रतिकृती आज राजरोस बनतात. न्यूयॉर्कच्या मोताहेदेसारख्या कंपन्या तर संग्रहालयांशी रीतसर करार करून हे काम करतात. पुढील पायऱ्या नीट पाळल्यास कोणत्याही टू बीएचकेमध्ये अठरावे शतक आरामात मावते.

पायरी १ : पूर्वज निवडा

निवडीला भरपूर वाव आहे. हौस दांडगी असेल तर सॅक्सनीचा ऑगस्टस घ्यावा. त्याने १७१७ साली प्रशियाच्या राजाला आपले ६०० घोडेस्वार दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. म्हणजे भांड्यामागे जवळजवळ चार शिपाई पडले. लोकशाहीवादी कुटुंबांना जॉर्ज वॉशिंग्टन शोभतो. त्याच्यासाठी १७८६ मध्ये ३०२ नगांचा सेट १५० डॉलरला घेण्यात आला. रंगवला चीनमध्ये, चिन्ह मात्र अमेरिकन गरुडाचे. आपल्याला शिपाई द्यावे लागत नाहीत, क्रेडिट कार्ड पुरते.

पायरी २ : लाज सोडा

‘ही तर नक्कल’ असे म्हणणारा एक पाहुणा हमखास येतो. त्याला चहा देण्याआधी थोडा इतिहास द्यावा. सतराव्या शतकात मिंग राजवट कोसळली आणि चीनहून येणारा माल आटला, तेव्हा हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या कुंभारांनी निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांच्या नकला करून बाजार काबीज केला. जर्मनीत, सोने बनवून देतो म्हणणाऱ्या ब्योटगर नावाच्या किमयागाराला ऑगस्टसने डांबून ठेवले होते. सोने काही झाले नाही, पण चिनी पोर्सेलिनचे गुपित उलगडले आणि १७१० मध्ये माइसेनचा कारखाना उभा राहिला. आणि खुद्द चिनी? खांगशी बादशहाच्या काळातले कारागीर आपल्या नव्या मालाच्या तळावर दोनशे वर्षांपूर्वी वारलेल्या छंगह्वा बादशहाचा शिक्का रंगवत. इतके ऐकल्यावर पाहुणा साखर किती, एवढेच बोलतो.

पायरी ३ : भांडे उलटे करा

कपातला चहा संपल्याची खात्री करून मगच हे करावे. खरा जाणकार नक्षी बघतच नाही, तो तळ बघतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली चिनी भांडी काचेआड आहेत, त्यामुळे तिथे हा व्यायाम जमत नाही. सराव घरीच करावा.

तळावर माइसेनच्या दोन तलवारी दिसल्या की लगेच हुरळून जाऊ नये. माइसेनची ‘निळा कांदा’ ही सुप्रसिद्ध नक्षी चिनी डाळिंबे आणि पीच पाहून रंगवलेली. चित्रकारांच्या हातून ती फळे कांद्यासारखी उतरली, आणि पुढे जगाने त्या कांद्याच्याच इतक्या नकला केल्या, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माइसेनने वैतागून बांबूच्या बुंध्याशी, ऐन नक्षीत तलवारी घातल्या. नक्कल करणाऱ्याला नकलेचा राग आला, की तो घरंदाज झाला असे समजावे.

पायरी ४ : गोष्ट जुळवा

गोष्टीवाचून भांडे म्हणजे नुसती भाजलेली माती. इंग्लंडच्या ‘विलो’ नक्षीत पूल, विलोचे झाड, पुलावर तीन माणसे आणि आकाशात दोन पाखरे आहेत. ताटातुटीनंतर पाखरे झालेल्या चिनी प्रेमिकांची ही प्राचीन कथा, असे सांगत स्टॅफर्डशायरची भांडी खपली. कथा इंग्लंडमध्येच रचलेली, आणि तीही नक्षीनंतर.

तुम्हीही आजेसासूबाई, संस्थानचे दिवाण आणि गलबत असा ऐवज जमवावा. मात्र गोष्ट सांगताना आत्याबाई घरात नसाव्यात. ‘अरे, आपल्याकडे तर पितळेच्या फुलपात्रातून चहा प्यायचे,’ हे त्या नेमके दिवाणजी गलबतातून उतरत असताना म्हणतात.

पायरी ५ : वाढताना जपा

सोनेरी कड असलेली बशी मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये, ठिणग्या उडतात. तारेच्या घासणीने सोने तेवढे निघते, आमटीचा डाग राहतो. जुन्या अस्सल भांड्यांच्या रंगात आणि झिलईत शिसे असू शकते आणि आंबट पदार्थात ते उतरते, म्हणून सोलकढी कधीही अस्सलात वाढू नये. जेवणासाठी म्हणून बनवलेली आजची चांगली प्रतिकृती इथे सरळ सरस ठरते.

पायरी ६ : फुटल्यास

व्हाइट हाउसमध्ये एडिथ रूझवेल्टबाई खराब झालेल्या सरकारी बश्यांचे पुरते तुकडे करवून ते पोटोमॅक नदीत टाकायला लावत, म्हणजे ते आठवण म्हणून कोणी विकू नये. आपल्यावर ती वेळ येत नाही. पॅरिसच्या सॅमसन कंपनीचा धंदा १८४५ साली सुरू झाला तोच मुळी लोकांच्या फुटक्या सेटांतले नग भरून देण्यासाठी. पुढे ते संग्रहालयांतल्या वस्तूंच्या नकला करू लागले, आणि आज त्या नकला लोक सॅमसनच्या म्हणून जमवतात. धीर धरल्यास तुमचाही सेट अस्सल होईल. नातवंडांना पत्ता लागू देऊ नये.

पायरी ७ : वापरा

ही पायरी कोणीच पाळत नाही. छंगह्वा काळातला, कोंबडा-कोंबडी आणि पिले रंगवलेला जेमतेम आठ सेंटिमीटरचा पेला २०१४ साली हाँगकाँगच्या लिलावात २८ कोटी हाँगकाँग डॉलरहून अधिक किमतीला गेला. घेणारे शांघायचे लिऊ यीच्यान. त्यांनी पैसे भरायला कार्ड २४ वेळा घासले आणि मग त्याच पेल्यातून चहा प्यायला. लोक हळहळले. त्याच पेल्याची स्वस्तातली प्रतिकृती घेणारे आपण मात्र ती शोकेसमध्ये कुलूपबंद करतो आणि रोजचा चहा बँकेने फुकट दिलेल्या मगमधून पितो.

तेव्हा किल्ली शोधा. सेट घरी आला की पहिल्याच आठवड्यात एक बशी मुद्दाम फोडावी. उरलेल्या वापरायची भीती जाते.