यार्डमास्तर

"सर, माउसला हात लावू नका. सगळं लावून ठेवलंय."

पासपोर्ट फोटो काढायला गेलं की पहिलं वाक्य हे. 'बसा' नंतर येतं, आणि बसायला जागा नसते. स्टुलावर अल्बमचे रिकामे खोके, खोक्यांवर हेल्मेट, हेल्मेटात केळी. टेबलावर फेविकॉल, टोपण हरवलेले पेनड्राइव्ह, चहाचे तीन ग्लास आणि त्यातल्या एकात बुडालेलं कुणाचं तरी आधार कार्ड. कटर कुठंय ते मालकाला ठाऊक नसतं, म्हणून फोटो कापायची कात्री रोज शेजारच्या टेलरकडून येते. टेलर ती दोरीला बांधून देतो.

आणि याच माणसाच्या स्क्रीनकडे बघा. डावीकडं टूलची पट्टी, उजवीकडं लेयर, त्यावर हिस्ट्री, त्यावर कलर. कडेला कड अशी भिडलेली की मधून मुंगी जायची नाही. एखादं पॅलेट दोन पिक्सेल सरकलं तर हा गिऱ्हाइकाला थांबवतो, ते जागेवर नेतो, डोकं मागं घेऊन बघतो, आणि मगच विचारतो, "किती कॉपी?"

असा एक फोटोशॉपवाला प्रत्येक तालुक्याच्या गावी असतो. लोक त्याला 'डिझायनर' म्हणतात, म्हातारी माणसं 'फोटोवाल्याचं पोरगं' म्हणतात, आणि बायको काय म्हणते ते त्याच्या घरातल्या चादरी बघितल्यावर कळतं. पूर्णेतला हा नमुना मात्र जरा वेगळा, कारण हा रेल्वेवाल्याचा मुलगा. वडील शंटिंगला होते. पूर्णेत शंटिंग म्हणजे काय, हे परभणीच्या माणसाला कळायचं नाही. नांदेडहून आलेल्या गाडीला अकोल्याकडं जायचं तर इथं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागतं. प्रवासी तोवर भजी खातात. जयपूरची मीनाक्षी एक्स्प्रेस छोट्या रुळावरून इथून जायची, ते दिवस वडील अजून सांगतात. २००८ साली अकोला लाइन ब्रॉडगेज झाली, मीटरगेज गेलं, वडील रिटायर झाले. पण कुठला डबा कुठल्या रुळावर उभा करायचा हे वेड घरातच राहिलं. बापानं यार्डात डबे लावले, पोरगा स्क्रीनवर पॅलेट लावतो.

या वेडाची सुरुवात एका पोरीमुळं झाली. स्कॉलरशिपच्या फोटोला आलेली, चौथीतली. हा कॅमेरा घेऊन पडद्याकडं गेला तेवढ्यात तिनं कीबोर्डावर एक बटन दाबलं. परत येऊन बघतो तर टूल नाही, लेयर नाही, काही नाही. स्क्रीनवर नुसता तिच्या आधीच्या गिऱ्हाइकाचा फोटो, हसणारा. त्या दिवशी दुकान लवकर बंद झालं. रात्रभर बसून यानं मेनूमधून एकेक पॅलेट उघडून जागेवर नेलं. तिसऱ्या दिवशी पोरगी फोटो न्यायला आली आणि तिनं परत तेच बटन दाबलं. तो टॅब होता. एकदा दाबला की सगळं लपतं, परत दाबला की सगळं येतं. आता तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ही जादू करून दाखवतो, शोध आपणच लावल्यासारखी. पोरीचं नाव निघत नाही. फोटोचे पैसे मात्र तिच्याकडून घेतले नाहीत, हे मला तिच्या आईनं सांगितलं.

त्या रात्रीच्या जागरणातच त्याला वर्कस्पेस सेव्ह करता येतो हे सापडलं. ही सोय फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे २००२ साली आली, आणि आमचे डिझायनर अजून सातव्यावरच आहेत. नवं का घेत नाही विचारलं तर म्हणतो, "नव्याला महिन्याला भाडं भरावं लागतंय सर. दुकानाचं भरूलालो तेच लई झालं." अमेरिकेतल्या थॉमस आणि जॉन नोल या दोघा भावांनी हा प्रोग्रॅम लिहिला, १९९० साली तो बाजारात आला, हे सगळं त्याला पाठ आहे. भाऊ-भाऊ एकत्र राहून एवढं मोठं काम करतात, याचंच त्याला जास्त नवल. त्याच्या चुलत्यांचा सामाईक भिंतीवरून दावा चालू आहे.

तर वर्कस्पेस. एकदा नाव देऊन ठेवलं की मेनूत जाऊन क्लिक करायचं, पॅलेट आपापल्या जागी हजर. बाकीच्यांना असला एकही लागत नाही, याचे पाच आहेत: पासपोर्ट, लग्न, वाढदिवस, निवडणूक आणि श्रद्धांजली. पासपोर्टमध्ये ॲक्शनचं पॅलेट मोठं. एक बटन दाबलं की साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचे आठ फोटो चार-सहाच्या कागदावर ओळीत उभे राहतात, एनसीसीची पोरं राहतात तसे. लग्नात लेयरचं पॅलेट खालपर्यंत ताणलेलं, कारण बारा-छत्तीसच्या करिज्मा पानावर नवरा-नवरी, हंस, धबधबा, स्वित्झर्लंड आणि मामा एवढे सगळे मावायचे असतात. निवडणुकीत काय वेगळं असतं विचारलं, तर म्हणाला, "नेव्हिगेटर मोठा ठेवावा लागतोय. खाली पन्नास मुंडकी असतेत, एखादं राहिलं की रात्री फोन येतोय."

वाढदिवस आणि श्रद्धांजली या दोन्हींत मला काहीच फरक दिसला नाही. तसं म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं दयेनं पाहिलं. "फाइल तीच असती सर. कोट तोच, फोटो तोच. फक्त लेयर बदलायच्या."

कोट म्हणजे खिळ्यावरचा काळा कोट नव्हे. तो आता उंदरांसाठी आहे. हल्ली कोट फाइलमध्ये असतो, टायसकट. पूर्णा तालुक्यातली निम्मी पुरुषमंडळी बॅनरवर त्याच एका कोटात आहेत, आणि सगळ्यांना तो खांद्यात सारखाच बसतो.

आता ती गोष्ट. गावातले एक आप्पा. दर वाढदिवसाला त्यांचा आठ बाय दहाचा बॅनर लागायचा, खाली लाल पट्टीत 'भावी नगरसेवक'. वीस वर्षं भावीच. एका पहाटे आप्पा गेले. साडेपाचला डिझायनरला उठवलं. यानं वाढदिवसाची फाइल उघडली, वर्कस्पेस श्रद्धांजलीचा लावला (ते तो पहाटे साडेपाचलाही विसरला नाही), फुगे बंद केले, केक बंद केला, हार आणि समई चालू केली. लेयरच्या शेजारी एक छोटा डोळा असतो. डोळा मिटला की लेयर दिसत नाही. सगळे डोळे मिटले, एक उघडा राहिला. फाइल नांदेडला छपाईला गेली, बॅनर दुपारच्या गाडीनं आला आणि चौकात लागला: भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो. खाली लाल पट्टीत, भावी नगरसेवक.

पहिला दिवस कुणी वाचलं नाही. आपल्याकडं बॅनरवरचं वाचत कोण? दुसऱ्या दिवशी स्टँडवर एकानं हळूच म्हटलं, "वरच्या वॉर्डातून उभं राहूलालेत काय?" तिथून ते गावभर झालं. डिझायनरनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तेराव्याच्या आत बॅनर बदलून देतो, पैसे घेत नाही, असा निरोप धाडला. आप्पांचा मुलगा स्वतः आला. हा उभाच राहिला, शटरच्या बाजूला. मुलगा म्हणाला, "राहू दे. आप्पाला बरंच वाटलं असतं."

पुढच्या वाढदिवसाला ती लेयर मुलाच्या फाइलीत गेली.

त्या दिवसापासून डिझायनरनं शिस्त वाढवली. आता श्रद्धांजलीच्या कामात लेयरचं पॅलेट स्क्रीनच्या मधोमध, आणि वरून खालपर्यंत प्रत्येक डोळ्यावर बोट ठेवत, तोंडानं मोजत जायचं. वडील दुकानात असले की तेही मागे उभे राहून मोजतात. डबे मोजायची सवय. मागच्या खेपेला त्यांनी पोराच्या त्या रिकाम्या, चकचकीत लावलेल्या स्क्रीनकडं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "यार्ड छान लावलंस. गाडी किती वाजता हाय?"

परवा मी निवृत्तीच्या कागदांसाठी फोटो काढायला गेलो. कात्री आली, टेलरची दोरी लोंबत. आठ फोटो कापून पाकिटात पडले. सगळ्यांत मी कोटात. पैसे देऊन उठलो तर म्हणाला, "सर, फाइल ठेवलीय बरं का. परत यायचं काम नाही."

"कुठल्या फोल्डरला?"

पॅलेटची कड नीट करत, स्क्रीनवरून नजर न काढता तो म्हणाला, "दोन्हीकडं."