भेगकरी

डेन्व्हरच्या मराठी मंडळात या गृहस्थाला चेहऱ्यावरून नाही, हातांवरून ओळखतात. सत्यनारायणाला आला तरी हातांच्या पाठी सोललेल्या. तीर्थ देताना गुरुजी दचकतात. बायको सवयीने खुलासा करते, "भांडी घासून नव्हे हो, दगडात हात घालून."

दगडात म्हणजे दगडाच्या भेगेत. तळवा आत सरकवायचा, अंगठा दुमडायचा, हाताचीच पाचर करायची आणि तिच्यावर अख्खा देह टांगायचा. खिळा ठोकायचा नाही, बोल्ट मारायचा नाही. आपले कॅम आणि नट, म्हणजे भेगेत अडकवायची आणि पुन्हा निघणारी अवजारं, बसवत दोर वर न्यायचा, मागून येणाऱ्याने ते काढून आणायचे. या पंथात शिरल्यापासून त्याला जगात फक्त रुंद्या दिसतात. आमच्या फ्रिजमागची फट पाहून म्हणाला, "इथे निळा कॅम बसेल." गाडीतून आणून बसवलाही. निघेना. तो काढेपर्यंत दोनदा चहा झाला आणि फ्रिज अजूनही थोडा तिरका आहे.

त्याचं दैवत वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर. पायथ्यापासून 867 फूट उंच. जमिनीखालचा तप्त रस निवताना आकसला आणि त्याचे उभे स्तंभ झाले. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे स्तंभही असेच झाले, हे तो अंधेरी न पाहिलेल्यांनाही अभिमानाने सांगतो. स्तंभांमधली भेग म्हणजे त्याची वाट. लाकोटा आणि कायोवा लोकांच्या कथांत मात्र हे एका प्रचंड अस्वलाच्या नखांचे ओरखडे आहेत. 1938 मध्ये जॅक ड्युरन्स आणि हॅरिसन बटरवर्थ ज्या बाजूने चढले, तिथे आजही सर्वांत जास्त गर्दी. आमचा गडी त्या वाटेला एकेरीत 'ड्युरन्स' म्हणतो. "ड्युरन्सने या खेपेला गुडघा खाल्ला."

हा डोंगर कितीतरी आदिवासी जमातींना पवित्र आहे. पायथ्याच्या झाडांना प्रार्थनेची फडकी बांधलेली असतात आणि जूनमध्ये तिथे त्यांचे विधी चालतात. म्हणून 1995 पासून राष्ट्रीय उद्यान सेवा गिर्यारोहकांना विनंती करते की जूनमध्ये चढू नका. नुसती विनंती; दंड नाही. त्यावर कोर्टकज्जे झाले, विनंती टिकली.

आता हा माणूस नियम पाळणाऱ्यांतला अजिबात नव्हे. गवत कापा म्हणून सोसायटीची नोटीस आली, तर गवताची कायदेशीर व्याख्या मागणारा. मंडळाच्या वर्गणीची शेवटची तारीख त्याच्या मते सुचवणीवजा. पण जून? जून तो कडकडीत पाळतो. चतुर्थी धरणारा जसा साबुदाणा समोर येण्याआधीच "मला आज आहे" म्हणतो, तसं त्याचं मेच्या मध्यापासून सुरू होतं. "जूनमध्ये मी चढत नाही हं." कोणी विचारलेलं नसतं. लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेल्यांनाही तो हे सांगतो. त्यांना वाटतं, लग्नाला येत नाही म्हणतोय. शिवाय जूनमध्ये चढणाऱ्यांची नावं कळली, तर तीही तो सांगतो. आपल्या न चढण्याला मग जरा उठाव येतो.

मला ते कौतुकाचंच वाटतं, हेही सांगायला हवं. कोणी अडवत नसताना थांबणारी माणसं आहेतच किती?

घोटाळा ससाण्यांनी केला. वसंतात ससाणे या कड्यावर घरटी करतात आणि पिल्लं उडेपर्यंत उद्यान सेवा घरट्याजवळच्या वाटा बंद ठेवते. इथे विनंती नाही, बंदी. यंदा त्याने मनात धरलेली भेग नेमकी त्या बंद वाटांत निघाली आणि त्याचा पारा चढला. "बंदी? मला सांगितलं असतं तर मी आपणहून थांबलो असतो!" रेंजरबाईंनी शांतपणे विचारलं, मग आता थांबायला अडचण काय? तासभर हा अडचण समजावत होता. शेवटी त्यांनी त्याच्या हातात दुर्बीण दिली. त्याने पिल्लं पाहिली. बराच वेळ पाहिली, असं बायको म्हणते.

परतीच्या वाटेवर त्याने गाडीतच जाहीर केलं, "पुढच्या वसंतात मी ती भेग ससाण्यांसाठी सोडणार."

"अहो, ती बंदच असणार आहे."

"असू दे ना. उघडी असती तरी मी चढलो नसतो."

घरी पोचायच्या आत मंडळाच्या ग्रुपवर हे आलं होतं. खाली, साभार, ससाण्याचा फोटो.