सेटिंगचे पीस

संयम ही फुटबॉलच्या चाहत्याची सर्वांत स्वस्त चैन आहे आणि मी ती मनसोक्त करतो. मिकेल आर्टेटानं डिसेंबर 2019 मध्ये आर्सेनल हाती घेतलं, मग संघ लागोपाठ दोनदा आठवा आला, एकदा पाचवा, नंतर सलग तीन मोसम दुसरा. हे सगळं मला पाढ्यांसारखं पाठ आहे. ‘बांधणीला वेळ द्यावा लागतो’ हे वाक्य मी अशा काही आवाजात म्हणतो, जणू त्या खेळाडूंचे पगार वाकडमधून माझ्याच सहीनं निघतात. या संयमापायी माझा झालेला एकूण खर्च म्हणजे थोडी झोप आणि मोबाइलचा डेटा. साता समुद्रांपलीकडच्या संघासाठी धीर धरायला फार मोठं काळीज लागत नाही. खरी परीक्षा घराजवळच्या संघाची, आणि तिथलं आमचं प्रगतिपुस्तक पालकांना न दाखवलेलं बरं.

वाकडहून मुळा ओलांडली की बालेवाडी. मैदान हाकेच्या अंतरावर, पण संघाचं नाव होतं एफसी पुणे सिटी. वाकड पिंपरी-चिंचवडमध्ये येतं आणि तिथली महापालिका 1982 पासून वेगळी आहे. तरी मिरवायची वेळ आली की आम्ही पुण्यात जमा आणि एरवी ‘तिकडचे’. असो, ते दुखणं निराळं. 2014 ते 2019 या पाच मोसमांत या संघानं कोलोम्बा, प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल आणि फिल ब्राउन असे सहा प्रशिक्षक पाहिले. मधल्या काळात प्रद्युम रेड्डींनी गाडा ओढला तो वेगळाच. हबास तर कोलकात्याला इंडियन सुपर लीगचं (आयएसएल) पहिलं विजेतेपद मिळवून देऊन आलेले, तेही एका मोसमाचे पाहुणे ठरले. चाकणच्या एखाद्या शेडमध्ये इतक्या वेगानं सुपरवायझर बदलले असते, तर युनियननं नव्या साहेबांचं नाव पाठ होईपर्यंत हार आणणंच थांबवलं असतं.

या कारखान्यांच्या पट्ट्यात राहून, माणूस बदलला की घडी बसायला वेळ लागतो, हे मला खरं तर आधीच कळायला हवं होतं. प्रेसची डाय, म्हणजे साचा, बदलणं म्हणजे काय, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. शिगेओ शिंगो या जपानी गृहस्थांनी 1969 मध्ये टोयोटातल्या हजार टनी प्रेसची डाय बदलायचा वेळ चार तासांवरून तीन मिनिटांवर आणला. हा किस्सा ट्रेनिंगमध्ये प्रत्येकाला ऐकवतात आणि प्रत्येकाच्या लक्षात फक्त ‘तीन मिनिटं’ राहतं. त्यामागची मेहनत कुणी सांगत नाही. जुनी डाय चालू असतानाच पुढची ट्रॉलीवर येऊन उभी राहायला हवी, डायांची उंची एकसारखी करून ठेवायला हवी, पाना शोधायला कुणी शेडभर हिंडता कामा नये. आणि एवढं करूनही सुरुवातीचे काही पीस सेटिंगमध्येच जातात. ते लाल क्रेटमध्ये पडतात, क्वालिटीवाला पहिला पीस ओके करतो, मग लाइन सुटते. लाल क्रेट पाहून कुणी ऑपरेटरला घरी पाठवत नाही. बालेवाडीत मात्र क्रेट भरायच्या आत ऑपरेटर बदलायचा, आणि स्टँडमधून त्याला टाळ्या वाजवणारे आम्हीच असायचो.

यावर कुणी म्हणेल, पोपोविच तर पहिल्याच मोसमात, 2017-18 मध्ये, उपांत्य फेरीपर्यंत गेले. मग बदल वाईट कसा? मान्य. पण पुढच्या मोसमाच्या सुरुवातीला ते नव्हते. नव्या माणसाची पुन्हा पहिल्या पीसपासून सुरुवात, आणि तीन सामन्यांत तोही गेला. दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: असा धीर धरत बसलं, तर नालायक माणूसही वर्षानुवर्षं खुर्चीत राहील. बरोबर, म्हणून बघायचं ते रिजेक्शन कमी होतंय का. तोच बॅक पाच सामन्यांत त्याच जागी चकत असेल तर शंका घ्या. चुका दर महिन्याला नव्या होत असतील, तर बहुधा काहीतरी शिकणं चालू आहे. धीर फळल्याचा दाखलाही त्याच बालेवाडीतला: पुणे एफसी या वेगळ्या संघात प्रशिक्षक डेरिक परेरांना काही मोसम मिळाले, तेव्हा तो संघ 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरा आला.

सगळ्यांत झोंबणारा पुरावा हैदराबादचा. 2019 मध्ये पुण्याची आयएसएलमधली जागा त्यांना गेली. पहिल्या मोसमात ते तळाला होते. 2020 मध्ये प्रशिक्षक म्हणून मानोलो मार्केझ आले. संघ आधी पाचवा, आणि 2021-22 मध्ये विजेता. त्या रात्रीचं माझं दुःख करंडकाचं नव्हतं. एखादा संघ दोन वर्षं नीट घडताना बघायचा, दर रविवारी त्याच्यावर संशय घ्यायचा, सोमवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये त्याची बाजू घेऊन भांडायचं, हे सुख आमच्या हातचं गेलं. आता शंका घ्यायलाही मला लंडनला जावं लागतं. उद्या बालेवाडीत पुन्हा संघ उभा राहिलाच, तर प्रशिक्षकाला माझे तीन मोसम बिनशर्त देऊन टाकतो. फक्त पहिल्या हाफमध्ये दोन गोल खाऊ नयेत म्हणजे झालं.