उडत्या मंडळाचा कार्यकर्ता

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत पहिल्या फेरीत स्कूटर लावायला जागा मिळाली तर माणूस परत जाताना लॉटरीचं तिकीट घ्यावं का, असा विचार करतो. अशा या गुलमंडीत कापडाचं दुकान असलेल्या एका काकांनी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी विमान चालवायचं ठरवलं. तेही फुकट, समाजसेवा म्हणून. सुपारी हनुमानाच्या देवळाजवळ चहा घेता घेता त्यांनी हा संकल्प जाहीर केला, तेव्हा पहिला प्रश्न पानवाल्यानं विचारला, "हौ, पन उतरवनार कुठं?"

खूळ भाच्याकडून आलं होतं. भाचा टेक्सासात संगणकाच्या नोकरीत. ग्रीन कार्ड हाती पडल्यावर त्यानं तिथल्या सिव्हिल एअर पेट्रोलमध्ये नाव घातलं आणि गणवेशात, एका पांढऱ्या सेस्ना विमानाच्या पंखाला हात लावून काढलेला फोटो मामाला पाठवला. मामानं तो दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवला. "भाचा अमेरिकेच्या हवाई दलात आहे," असं सांगत साडीमागं पन्नास रुपये कमीही केले. गिऱ्हाईक खूश झालं. काकू नाही.

काकांचं विधान तसं निम्मं खरं होतं. ही संस्था 1948 पासून अमेरिकी हवाई दलाची पूरक संघटना आहे, पण तिची माणसं नागरीच. ती स्थापन झाली 1 डिसेंबर 1941 ला, म्हणजे पर्ल हार्बरवर बॉम्ब पडण्याच्या सहा दिवस आधी. जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या किनाऱ्यालगत तेलवाहू जहाजं बुडवू लागल्या आणि लष्कराकडं विमानं पुरेनात, तेव्हा वयानं किंवा तब्येतीनं सैन्यात न घेतलेली हौशी मंडळी आपापली खासगी विमानं घेऊन समुद्रावर गस्त घालू लागली. एका इंजिनाचं विमान आणि खाली अटलांटिक! दीड वर्षाच्या गस्तीत या मंडळींनी 173 पाणबुड्या पाहिल्याची नोंद आहे. जे इंजिन बंद पडून पाण्यात पडले आणि जगले, त्यांचा एक 'डक क्लब' निघाला. बदकांच्या या क्लबात अर्ज करून प्रवेश मिळत नसे.

हे सगळं ऐकून काकांनी भाच्याला फोन लावला. दुकानात तीन माणसं होती म्हणून फोन स्पीकरवर.

"पगार किती रे?"

"पगार नाही मामा. उलट वर्षाची वर्गणी आपणच भरायची. गणवेशही पदरचा."

पलीकडच्या गादीवरच्या मुनीमजींनी चष्मा काढला. काकांनी जरा वेळ घेतला. मग म्हणाले, "म्हणजे तू तिकडं गणेश मंडळात आहेस म्हण की."

आजवर या संस्थेवर जे काही लिहून आलं असेल, त्यात इतकी नेमकी व्याख्या क्वचितच कुणी केली असेल. वर्गणी स्वतःची, टी-शर्ट स्वतःच्या पैशाचा, रात्रीची जागरणं, अध्यक्षांशी वाद आणि सगळ्यात पुढं उभं राहायला मिळेल या आशेवर सगळ्यात मागं दोरी धरून चालणं. भाच्याचंही तसंच झालं. विमानात तिघं असतात : वैमानिक, त्याच्या शेजारी निरीक्षक आणि मागच्या सीटवर 'स्कॅनर'. स्कॅनर म्हणजे यंत्र नव्हे, माणूसच. त्यानं खिडकीतून खाली बघत राहायचं. भाचा तो होता.

त्याची पहिली मोहीम तर महाकाव्यच. विमान पडलं की त्यातला बीकन आपोआप संकटाचा संदेश सोडू लागतो. असा संदेश आला, मध्यरात्री फोन गेले, भाचा पहाटे विमानतळावर पोचला, दोन तास मान वाकडी करून मका आणि गाई बघत राहिला. शेवटी बीकन सापडला. एका हँगरमध्ये, सुखरूप उभ्या असलेल्या विमानात. मालकानं आदल्या दिवशी विमान जरा जोरात टेकवलं होतं, आणि धक्का लागून यंत्राला आपण मेलो असं वाटलं होतं. असे खोटे गजर या धंद्यात रोजचेच. काकांनी हा किस्सा कट्ट्यावर सांगितला तेव्हा मोहिमेत हिमवादळ आलं होतं आणि भाचा पुढच्या सीटवर होता.

एव्हाना काकांना स्वतःच्या वयाबद्दलही दिलासा मिळाला होता, तो इंग्लंडकडून. दुसऱ्या महायुद्धात तिथं एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलरी नावाची नागरी संघटना होती. कारखान्यातून निघालेली लढाऊ विमानं हवाई दलाच्या तळावर पोचवून द्यायची, एवढंच तिचं काम. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा लोकांनी 'जुनेपुराणे आणि फाटकेतुटके वैमानिक' असा विस्तार केला होता, आणि तो अगदी अन्यायाचा नव्हता. स्टुअर्ट कीथ-जॉप हे त्यातले एक वैमानिक. एक हात नाही, एक डोळा नाही. तरी विमानं पोचती करत. बायकाही होत्या, 1940 च्या जानेवारीत आठजणींनी सुरुवात केली, आणि 1943 पासून त्यांना पुरुषांइतकाच पगार मिळू लागला. या लोकांच्या खिशात छोट्या कार्डांची एक वही असे. जे विमान जन्मात पाहिलेलं नाही त्याचं कार्ड काढायचं, वाचायचं आणि उडायचं. वायरलेस बहुतेकदा नसेच. काकांच्या घरी नव्या मिक्सरसोबत आलेली पुस्तिका अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे; पण या माहितीनं त्यांचा उत्साह दुप्पट झाला.

कट्ट्यावर एक निवृत्त इतिहासाचे सर येतात. ते म्हणाले, गुलमंडीनं विमानं उडवायला कधीच पैसे दिलेत. काका चमकले. सर सांगू लागले : आपण निजामाच्या राज्यात होतो. निजामानं इंग्रजांना लढाऊ विमानांसाठी पैसा दिला, म्हणून 1918 मध्ये त्यांच्या 110 क्रमांकाच्या स्क्वाड्रनला 'हैदराबाद' नाव लागलं. पुढच्या महायुद्धात 152 क्रमांकाच्या स्क्वाड्रनलाही तेच नाव. हे लोक ब्रिटनच्या आकाशात स्पिटफायर उडवत, आणि त्यांच्या बोधचिन्हावर होती निजामाची दस्तार. आता खजिना निजामाचा, पण त्यात सारा कुणाचा? "तुमच्या पणजोबांचा एखादा हाली आणा त्या दस्तारीत असेलच," सर म्हणाले. काकांनी लगेच मोबाइलवर स्पिटफायरचा फोटो शोधला आणि वडिलोपार्जित जमीन बघावी तसा बघितला.

सरांनी पुढं सिडनी कॉटनचंही सांगितलं. 1948 साली हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकेस्ट्रियन विमानांतून हैदराबाद संस्थानात चोरून शस्त्रं उतरवत होता. पुढं इंग्लंडात त्याला 200 पौंड दंड झाला. तो मात्र सेवाभावी नव्हता, धंदेवाईक होता. काकांनी त्याला यादीतून वगळलं.

प्रश्न उरला तो असा, की भारतात फुकट विमान चालवायला जायचं कुठं? एकेकाळी सोय होती. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाचं स्वयंसेवक राखीव दल निघालं आणि त्यातल्या, नागरी उड्डाण शिकलेल्या मंडळींच्या किनारारक्षक तुकड्या झाल्या. मुंबईची तुकडी जुहूला. विमान 'वापिती' जातीचं, उघड्या कॉकपिटचं, तेव्हाच म्हातारं झालेलं. वैमानिक त्याला 'व्हॉट अ पिटी' म्हणत. स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये राखीव आणि पूरक हवाई दलांचा कायदा झाला. मोठ्या शहरांतून पूरक तुकड्या उभ्या राहिल्या, नोकरी-धंदा सांभाळून लोक उडायला येऊ लागले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्या गुंडाळल्या गेल्या. काकांचा जन्म त्यानंतरचा. याबद्दल ते आईवडिलांना थोडा दोष देतात.

आपल्या शहराला आकाशाकडं बघत बसायची सवय मात्र आहे. पाऊस पाडायचं विमान चिकलठाण्याच्या विमानतळावरून 2015 ला उडालं, 2019 ला उडालं. त्या वेळी विभागीय आयुक्तालयाच्या इमारतीवर रडार बसवलं होतं आणि अख्खी गुलमंडी मान वर करून ढगांचा हिशेब करत होती. "तिथं मदतनीस म्हणून घेतील का?" काकांनी विचारलं. पानवाला म्हणाला, "काका, मागच्या शीटवर बसून ढग मोजायला लावतील."

शेवटी काका सरळ मार्गाला लागले. खासगी वैमानिकाचा परवाना. वय सतरा पूर्ण हवं, वरची अट नाही, फक्त वैद्यकीय तपासणीत पास व्हायचं. उड्डाणाचे किमान चाळीस तास. अमेरिकेतही चाळीसच, त्यामुळं भाच्याशी बरोबरी. या परवान्यावर मोबदला घेता येत नाही, म्हणजे सेवाभाव कायद्यानंच सक्तीचा. शिकायला बारामती आहे, धुळं आहे. धुळ्याला जायचं तर आधी कन्नडचा घाट उतरावा लागतो, आणि तो गाडीनं.

वैद्यकीय तपासणीच्या तयारीसाठी काकांनी इमरती सोडली. चार दिवस. छोट्या विमानात प्रत्येकाचं वजन मोजून बेरीज करतात, मागं कोण बसणार, इंधन किती भरायचं, सगळं त्यावर ठरतं, हे भाच्यानं सांगितलं होतं. काकूंनी शांतपणे विचारलं, "म्हणजे तुम्ही बसलात तर पेट्रोल कमी भरणार का?"

यावर काकांनी सुपारी हनुमानाचा दाखला दिला. पहिला सेवाभावी वैमानिक कोण? हाच. लक्ष्मणासाठी एका रात्रीत हिमालयात गेला, औषध घेऊन आला, बिल लावलं नाही. कुठली वनस्पती ते कळेना, तर अख्खा डोंगर उचलला. काकू म्हणाल्या, "त्याला वजनाचा हिशेब विचारणारं कुणी नव्हतं."

तर सध्याची स्थिती अशी. काका रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मोबाइलवर हवामानशास्त्र वाचतात आणि पैठण गेटकडून येणाऱ्या वाऱ्याचा वेग गल्ल्यावरच्या वहीत टिपून ठेवतात. अर्ज मात्र अडला आहे. त्याला दहावी पास झाल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि ते माळ्यावरच्या कुठल्यातरी ट्रंकेत आहे. तुमच्यापैकी कुणाला असा अर्ज करायचा असेल तर आधी ट्रंका उघडा. काकांच्या सात झाल्या, चार राहिल्यात.